पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू

मैत्रिणींनो, मुलं जरा मोठी झाली की एक दिवस घरात तो विषय निघतोच. ‘आई, आपण कुत्रा आणू या ना!’ आपण म्हणतो, जागा कुठे आहे. ते म्हणतात, माझ्या पलंगाखाली ठेवू. आपण म्हणतो, त्याचं करणार कोण. ते म्हणतात, मी! आणि हे ‘मी’ किती दिवस टिकतं, ते कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला सांगितलं की होणाऱ्या तोंडावरून आपल्याला चांगलंच ठाऊक असतं. तरी एखाद्या वाढदिवसाला आपण विरघळतो. आमच्या मुलुंडात, आमच्याच मजल्यावर, समोरच्या वहिनींकडे पावसाळ्याच्या तोंडाशी असंच झालं. त्याचं पुढे जे झालं ते त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे. त्या म्हणाल्या, “लिहा हो, निदान दुसऱ्या कुणाचे तरी डोळे उघडतील.”

त्यांची लेक चौथीत. दोन वर्षं मागे लागली होती. शेवटी एका रविवारी वडील तिला घेऊन स्टेशनापलीकडच्या दुकानात गेले आणि पंधरा हजार मोजून लॅब्रॅडॉरचं पिल्लू घेऊन आले. सिंबा नाव ठेवलं. पिवळसर पांढरं, मऊ, पोट टम्म फुगलेलं. आम्ही सगळ्याजणी कौतुकानं बघायला गेलो. ते पोट बाळसं म्हणून फुगलेलं नाही, जंतांनी फुगलेलं आहे, हे आमच्यापैकी एकीलाही कळलं नाही. दुकानदारानं सांगितलं होतं, “पंचेचाळीस दिवसांचं आहे साहेब, एकदम बरोबर वय. पहिली लस झालेली आहे.” एक छापील पुस्तिकाही दिली होती.

गुरुवारी पिल्लानं खाणं सोडलं. रात्री उलट्या, सकाळी रक्ताचे जुलाब. ज्यांनी तो वास एकदा घेतला आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. इतरांना न कळलेलंच बरं. डॉक्टरांनी तपासणी केली आणि सांगितलं, पार्व्हो. पुढचे चार दिवस वहिनी सकाळ-संध्याकाळ पिल्लाला टॉवेलात गुंडाळून सलाईन लावायला नेत होत्या. लेक शाळेतून आली की दप्तर दारात टाकून त्याच्याजवळ बसायची. सोमवारी पहाटे ते गेलं. औषधपाण्याचे बारा हजार झाले. पैसे जातात आणि येतात, पण त्या पोरीनं मला जिन्यात गाठून विचारलं, “काकू, मी त्याला शनिवारी दूध दिलं होतं ना, त्यामुळे मेला का?” ह्या एका प्रश्नासाठी मी आज लिहायला बसले आहे.

दुधानं मेलं नव्हतं. डॉक्टरांनी नंतर आम्हांला समजावून सांगितलं की पार्व्होचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात. रविवारी आणलेलं पिल्लू गुरुवारी आजारी पडलं, म्हणजे ते दुखणं घेऊनच घरात आलं असणार. आणि ती पुस्तिका? तिच्यात लशीच्या बाटलीवरचं लेबल चिकटवलेलं नव्हतं, डॉक्टरांची सही नव्हती, नोंदणी क्रमांक नव्हता. नुसती तारीख आणि एक रबरी शिक्का. आपण दूधवाल्याच्या वहीतली तारीख दोनदा बघतो, पण ह्या पुस्तिकेकडे कुणी नीट बघितलंच नाही.

तिसऱ्या दिवशी मी वहिनींबरोबर दुकानात गेले. एकट्या जायला त्या तयार नव्हत्या आणि त्यांच्या ह्यांना ऑफिसमधून रजा नव्हती. दुकान दिसायला छान होतं. पुढे काचेत मासे, पट्टे, वाट्या, खाण्याची पाकिटं. मागच्या बाजूला पिंजरे, एकावर एक. खाली जाळी, तिच्याखाली कागद. एका पिंजऱ्यात चार पग, एकमेकांच्या अंगावर झोपलेले. शेजारी हस्कीचं एक पिल्लू, जून महिन्याच्या मुंबईच्या घामट उकाड्यात, धापा टाकत. अगदी कोपऱ्यात एकटं पडलेलं एक, डोळ्यांत चिपडं, भिंतीकडे तोंड करून. दुकानदार सभ्यपणे बोलला. म्हणाला, “बाई, जीव आहे, त्याची काय ग्यारंटी देणार? तुम्ही दुसरं घ्या, निम्म्या किमतीत देतो.”

मी विचारलं, तुमच्याकडे नोंदणीचं प्रमाणपत्र आहे का? त्यानं भिंतीवरच्या चौकटीकडे बोट दाखवलं. जवळ जाऊन वाचलं तर तो गुमास्ता निघाला! अहो, गुमास्ता पोळीभाजीच्या दुकानालाही असतो. मी म्हटलं, हे नव्हे, प्राणी विकण्याचं. तो हसला आणि गिऱ्हाइकाकडे वळला.

आता हे ‘प्राणी विकण्याचं’ मला कसं ठाऊक, तर आदल्या रात्री वाचलं होतं म्हणून. मला तरी कुठे माहीत होतं! २०१७ साली केंद्र सरकारनं कुत्र्यांची पैदास आणि विक्री ह्यांबद्दल नियम केले आणि २०१८ साली प्राणी विकणाऱ्या दुकानांबद्दल. दोन्ही नियम १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखालचे आहेत. दुकानदाराला आणि पैदास करणाराला, दोघांनाही राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. फी पाच हजार, म्हणजे एका पिल्लाच्या किमतीचा तिसरा हिस्सा. प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावायचं. पिल्लं कुठून आली आणि कुणाला विकली ह्याची वही ठेवायची. आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचंच नाही.

आठ आठवडे म्हणजे किती दिवस, करा हिशोब. छप्पन्न! आणि आमच्याकडे ‘पंचेचाळीस दिवसांचं’ हे दुकानदार कौतुकानं सांगतात आणि आपण कौतुकानं ऐकतो, जसं काही हापूस आंब्याची पेटी ‘देवगडची’ म्हणून सांगावी. ज्या गोष्टीची त्यांनी लपवाछपवी करायची, तीच त्यांची जाहिरात! आणि पंचेचाळीस हा सांगायचा आकडा. प्रवासाचे आणि दुकानातले दिवस वजा केलेत तर आईपासून पिल्लू तोडलं कधी असेल?

आईचं दूध तुटलं की तिच्याकडून मिळालेली रोगप्रतिकारशक्ती हळूहळू ओसरत जाते आणि लशीची अजून पुरती आलेली नसते. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढच्या, सोळा आठवडे होईपर्यंत. एका टोचणीनं काही होत नाही. ह्या मधल्या नाजूक काळात ते पिल्लू टोपलीत घालून, टेंपोनं, इतर दहा ठिकाणच्या पिल्लांबरोबर आणून एका पिंजऱ्यात ठेवायचं म्हणजे रोगाला आमंत्रणच. शिवाय चावा किती जोरात घ्यायचा, कुठे थांबायचं, हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडूनच शिकतं. लवकर तोडलेली पिल्लं पुढे घरातल्या लहान मुलांना दात लावतात, आणि मग आपण म्हणतो, जातच वाईट.

पण मैत्रिणींनो, दुकानातलं पिल्लू आपल्याला निदान दिसतं तरी. त्याची आई दिसत नाही. परदेशात अशा ठिकाणांना पिल्लांचे कारखानेच म्हणतात. आपल्याकडे कारखाना म्हणण्याइतकी मोठी जागाही लागत नाही. गावाबाहेरची एखादी शेड, नाहीतर एखाद्या खोलीचा पोटमाळा पुरतो. कुत्री साधारण वर्षातून दोनदा माजावर येते. त्रेसष्ट दिवसांच्या आसपास गाभण राहते. म्हणजे ज्याला पैसाच करायचा आहे तो तिला वर्षाला दोन वेत काढायला लावू शकतो, एक संपलं की दुसरं. नियम काय म्हणतो? मादी अठरा महिन्यांची होईपर्यंत तिला फळवायची नाही, बारा महिन्यांत एकापेक्षा जास्त वेत नाही, आणि जन्मात पाचांपेक्षा जास्त नाही. हा नियम मी आमच्या महिला मंडळात वाचून दाखवला तेव्हा दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, “आमच्या वेळी बायकांसाठी असा नियम असता तर!” सगळ्या हसल्या, पण त्या स्वतः हसल्या नाहीत. त्यांच्या सासूला अकरा बाळंतपणं झाली होती.

ब्रिटनमध्ये ल्यूसी नावाच्या एका स्पॅनियल जातीच्या कुत्रीला २०१३ साली अशाच एका ठिकाणाहून सोडवलं. सतत पिंजऱ्यात राहून आणि विऊन तिचा पाठीचा कणा वाकला होता. तिच्या नावानं ओळखला जाणारा कायदा ६ एप्रिल २०२० पासून इंग्लंडात लागू झाला. सहा महिन्यांखालचं पिल्लू दुकानातून विकायचं नाही. घ्यायचं असेल तर पैदास करणाराच्या घरी जाऊन, आईसह बघून घ्यायचं. अमेरिकेत कॅलिफोर्नियानं २०१९ पासून दुकानांना पैदास केलेली कुत्री-मांजरं विकायला बंदी केली, फ्रान्सनं १ जानेवारी २०२४ पासून. आपल्याकडे दुकानांवर सरसकट बंदी नाही, नियम आहेत. पण १९६० च्या त्या मूळ कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला होता १० ते ५० रुपये. दुकानातला पट्टासुद्धा त्याहून महाग.

दोष सगळा दुकानदाराच्या माथी मारून मी मोकळी होणार नाही. तो विकतो ते आपण मागतो म्हणून. १९९४ च्या ‘हम आपके है कौन’नंतर पांढऱ्याशुभ्र झुबकेदार टफीसारखा कुत्रा घरोघरी हवासा झाला. २००३ साली हच कंपनीच्या जाहिरातीत एका मुलामागे पळणारा पग आला आणि त्यानंतर पगची जी टूम निघाली ती अजून ओसरलेली नाही. त्या बिचाऱ्याचं नाक चपटं, श्वासाची वाट आखूड. आपल्या उकाड्यात जिना चढतानासुद्धा घोरतो. आणि आता हस्की! बर्फावर गाडी ओढायला जन्मलेलं जनावर, आणि आपण त्याला वन-बीएचकेत पंख्याखाली ठेवणार. मी शाळेत ‘माझा आवडता प्राणी’ हा निबंध घालते. पूर्वी गाय, मोती, मनीमाऊ यायची. ह्या वर्षी अर्ध्या वर्गानं हस्की लिहिला. मी विचारलं, कुणी पाहिला आहे? सगळ्यांनी मोबाइलवर!

आता त्या कोपऱ्यातल्या पिल्लाचं सांगते. खरं सांगायचं तर निम्म्या किमतीचं ऐकून वहिनींच्या आणि माझ्याही मनात आलं होतं की ते आजारी पिल्लू तरी घेऊन जावं, वाचलं तर वाचलं. माझा हात पर्सकडे गेलाच होता. पण विचार केला, आपण हे उचललं की संध्याकाळी त्याच पिंजऱ्यात दुसरं येणार, आणि त्याच्या आईला आणखी एक वेत. दयेनं दिलेले पैसे आणि हौसेनं दिलेले पैसे गल्ल्यात एकाच खणात पडतात. आम्ही तशाच परतलो. ते पिल्लू अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आमचं बरोबर होतं असं मला वाटतं, पण त्याच्या दृष्टीनं आम्ही दोघी पाठ फिरवून गेलो, एवढंच खरं.

पुढे काय केलं ते थोडक्यात. आधी वहिनींनी पावती, पुस्तिका, डॉक्टरांचा कागद आणि पिल्लाचे फोटो एका पाकिटात घातले. ही सवय लावून घ्या, बायांनो. भांडताना आवाजापेक्षा कागद उपयोगी पडतो. मग दोन अर्ज लिहिले. एक पशुसंवर्धन विभागाच्या पत्त्यावर राज्य पशुकल्याण मंडळाला, त्याची प्रत महापालिकेला आणि पोलीस ठाण्याला. दुकानात नोंदणीचं प्रमाणपत्र लावलेलं नाही, एवढंच साधं वाक्य, तारीख-वेळेसह. मनाच्या गोष्टी त्यात लिहिल्या नाहीत. दुसरा पैशांसाठी, ग्राहक तक्रार आयोगाकडे. उपनगर जिल्ह्याचा आयोग बांद्र्याला आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील सक्तीचा नाही. वहिनींचं प्रकरण दाखल झालं आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल.

मात्र खरा उपयोग झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. आमच्या तीन इमारतींत मिळून कुत्री-मांजरं-मासे असलेली एकोणीस घरं निघाली. ह्या घरांतल्या बायका गटागटानं दुकानात गेल्या. भांडायला नव्हे. एकीनं सांगितलं, “भाऊ, महिन्याला माझं दोन हजारांचं सामान तुमच्याकडून जातं. तुम्ही पिल्लं विकणं बंद करेपर्यंत मी दुसरीकडून घेईन.” दुसरीनं तेच. तिसरीनं तेच. तो पहिल्या दिवशी हसला, दुसऱ्या दिवशी रागावला, आठवड्यानं म्हणाला की पिल्लांत सुटतं काय, निम्मी मरतात, खरा धंदा खाण्याचा आणि आंघोळी-केस कापण्याचाच आहे. मी मनात म्हटलं, निम्मी मरतात हे तू आता बोललास! आज तिथले पिंजरे गेले आहेत. पण फोनवर सांगितलं की ‘ऑर्डर’प्रमाणे पिल्लू अजून मिळतं, असं आमच्या कानावर आहे. तेव्हा सामान अजून दुसरीकडूनच येतं.

तुमच्याकडे कुणी पिल्लू घ्यायचंच म्हणत असेल तर एक गोष्ट हट्टानं मागा: त्याची आई दाखवा. ती जिथे राहते तिथे दाखवा. ‘फार्मवर आहे’, ‘लांब आहे’, ‘व्हिडिओ पाठवतो’ असं ऐकलंत की उठा. स्टेशनवर, हमरस्त्यावर, गाडीच्या डिकीतून पिल्लू ‘डिलिव्हरी’ देणाऱ्याकडून तर मुळीच नको. वंशावळीचा कागद दाखवला तर भाळू नका. त्यावर बापजाद्यांची नावं असतात, पिल्लाची प्रकृती नसते. पैदास करणाराचा नोंदणी क्रमांक, सही-लेबलासह लशीची नोंद आणि पिल्लाला बसवलेल्या मायक्रोचिपचा आकडा मागा. प्रामाणिक माणूस उलट तुम्हांलाच चार प्रश्न विचारील: घरी दिवसभर कोण असतं, गच्ची आहे का, सुट्टीत कुत्र्याला कुठे ठेवाल.

आणि विकतच घ्यायला हवं असं कुठे आहे? परळचं बैलघोडा हॉस्पिटल आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ते चालवणारी प्राणिदया संस्था १८७४ पासूनची आहे. द वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज ही संस्था १९८५ पासून रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या नसबंदीचं आणि लसीकरणाचं काम करते. वर्ल्ड फॉर ऑल नावाची संस्था ‘अ‍ॅडॉप्टेथॉन’ भरवत आली आहे, तिथे कुत्र्या-मांजरांची पिल्लं घर मिळायची वाट बघत असतात. आपली गावठी पिल्लं ह्या हवेत पिढ्यान्पिढ्या मुरलेली. अंगावर आखूड केस, नाक लांब, पोट कणखर. सोसायटीचे सेक्रेटरी कुत्र्यालाच हरकत घेऊ लागले तर त्यांना सांगा की भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे सोसायटीला बहुमतानंसुद्धा कुत्रा पाळायला बंदी करता येत नाही. त्याचबरोबर महापालिकेचा परवाना काढा, दरवर्षी रेबीजची लस द्या आणि लिफ्टमध्ये दोरी हातात आखूड धरा. शेजारणीच्या भीतीचाही मान ठेवायला हवा.

एक घरगुती गोष्ट राहिली. ज्यांच्याकडे पार्व्होनं पिल्लू गेलं असेल त्यांनी नुसत्या फिनेलवर विसंबू नये. हा विषाणू महिनोन् महिने फरशीच्या सांध्यांत, पायपुसण्यात, दाराच्या चौकटीत जिवंत राहतो. आधी साबणाच्या पाण्यानं घाण काढावी, मग एक वाटी ब्लीच तीस वाट्या पाण्यात मिसळून फरशीवर दहा मिनिटं ओलं राहू द्यावं, खिडक्या उघड्या ठेवून, आणि मग पुसून घ्यावं. ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळू नये, अ‍ॅसिड तर नाहीच. अंथरूण आणि खेळणी टाकून द्यावीत. माणसांना हा रोग होत नाही, तेव्हा मुलांना घाबरवू नका. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय लस पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू त्या घरात आणू नका. वहिनींना त्यांनी सहा महिने थांबायला सांगितलं आहे.

आमच्या मागच्या गेटजवळ वॉचमनच्या खुर्चीखाली एक तपकिरी कुत्री व्यायली आहे. चार पिल्लं आहेत. आईची नसबंदी आणि पिल्लांच्या लशी ह्यांसाठी आम्ही घरटी शंभर रुपये काढले. वहिनींची लेक रोज संध्याकाळी तिथे जाऊन उभी राहते, हात लावत नाही. परवा तिनं मला विचारलं, “काकू, ह्यांचे छप्पन्न दिवस कधी होतात?” मी कॅलेंडरवर खूण करून दिली आहे.